पालखी दारात, केरसुणी हातात

मुलांनो, घराची साफसफाई म्हटली की तुम्हांला आठवते ती दिवाळी. माळ्यावरची भांडी खाली येतात, जळमटं निघतात आणि "अरे, जरा हात लाव की!" ही हाक दिवसभर ऐकू येते. पण पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पुष्कळ घरांमध्ये अशी धांदल आणखी एकदा उडते. ती म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, आषाढी एकादशीच्या आधी. कारण तिथं पाहुणे येणार असतात. एक-दोन नव्हेत, लाखोंनी!

हे पाहुणे म्हणजे संत तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर देहूहून पंढरपूरला पायी निघालेले वारकरी. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी हा पालखी सोहळा १६८५ साली सुरू केला. एकादशीच्या साधारण दहा-अकरा दिवस आधी पालखी बारामतीत मुक्कामाला येते. मग काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असं करत इंदापूर गाठते. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीच्या वाटेवर स्वच्छ धुतलेली धोतरं अंथरतात. पाहुण्याच्या पायाखाली स्वच्छ कापड! याहून सुंदर स्वागत कुठलं?

वारकरी तंबूत, शाळांत, देवळांत उतरतात, तसे घरोघरीही उतरतात. काही घरी तर तीच माणसं वर्षानुवर्षं येतात. आता समजा, तुमच्या घरी अशी दहा माणसं येणार आहेत. साफसफाई कुठून सुरू कराल? बहुतेक जण म्हणतील, बाहेरच्या खोलीतल्या शोकेसपासून! पण जरा विचार करा. दिवसभर चालून, पावसात भिजून आलेल्या आजोबांना काय लागतं? प्यायला चांगलं पाणी, पाय धुवायला मोरी, स्वच्छ संडास आणि पाठ टेकायला कोरडी जागा. शोकेसमधल्या बाहुल्या त्यांच्या डोळ्यांनाही पडत नाहीत. तेव्हा पाहुण्याला जे लागणार, तेच आधी साफ करायचं.

सर्वांत पहिलं पाणी. माठ, हंडे, टाकी नुसती विसळून भागत नाही. डेंग्यूचा ताप पसरवणारा एडिस डास साठवलेल्या पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो. भांडं कोरडं पडलं तरी ती अंडी काही महिने तग धरतात आणि पाणी भरलं की फुटतात. अंड्यातून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून आतून खसाखसा घासायची, कोरडी करायची आणि मगच भरायची. यालाच 'कोरडा दिवस' म्हणतात. अंगणातला जुना टायर, करवंट्या, कुंड्यांखालच्या बश्या याही विसरू नका. प्यायचं पाणी उकळून, गाळून झाकून ठेवा आणि ते काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, म्हणजे पाण्यात कुणाचे हात बुडणार नाहीत.

दुसरं, संडास आणि मोरी. हे काम घरातल्या मोठ्यांबरोबर करा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. संडास धुण्याचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही. त्यातून क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो, डोळे चुरचुरतात आणि श्वास कोंडतो. धुऊन झालं की साबण आणि भरलेली बादली तिथंच ठेवा. पाहुण्यावर मागायची वेळच येऊ नये.

तिसरं, अंथरूण. पावसाळ्यात ऊन भरवशाचं नसतं. तेव्हा ऊन दिसलं रे दिसलं की गोधड्या, चादरी दोरीवर टाका. ओल राहिली की बुरशी धरते आणि कुबट वास येतो.

खोल्या झाडताना वरून खाली या. आधी जळमटं, मग कपाटं, मग खिडक्या आणि शेवटी फरशी. उलट केलंत तर झाडलेल्या फरशीवर पुन्हा धूळ पडेल आणि काम दुप्पट होईल. धूळ ओल्या फडक्यानं पुसा. कोरड्या फडक्यानं ती नुसती उडते आणि पुन्हा तिथंच येऊन बसते.

आता खरा प्रश्न. हे सगळं करणार कोण? "आई करेल की!" आईच्या वाट्याला स्वयंपाक, भांडी, धुणं असतंच. त्यात ही कामं भरली, तर पाहुणे येईपर्यंत ती दमून जाणार. मग पालखी बघायला ती जाणार कधी? म्हणून एका कागदावर कामांची यादी लिहा आणि प्रत्येकापुढे एक नाव घाला. बाबांचं, दादाचं, ताईचं आणि तुमचंही. "हे मुलींचं काम" असं कुणी म्हटलं, तर त्याला गाडगेबाबांची गोष्ट सांगा. १८७६ ते १९५६ हा त्यांचा काळ. हातात खराटा घेऊन ते गावात शिरत आणि कुणाला काही न विचारता रस्ते झाडायला लागत. संध्याकाळी त्याच गावात कीर्तन करत. आधी गावातला कचरा काढायचा आणि मग मनातला! पुढे २०००-०१ पासून राज्य सरकारनं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, ते त्यांच्याच नावानं.

गाडगेबाबा रस्ता का झाडत, ते वारीच्या गावात नीट कळतं. आपण घर लखलखीत करतो आणि केर लोटतो दाराबाहेर. पण वारकरी येतात त्याच रस्त्यानं, बसतात त्याच कडेला आणि कित्येक जण चालतात अनवाणी! रस्ता हीच त्यांची बैठकीची खोली. तिथं फुटकी बाटली पडली असेल, तर आपलं चकचकीत घर काय कामाचं? तेव्हा आपल्या दारापुढचा रस्ता आपल्या यादीत हवाच.

आणि यादीतलं शेवटचं काम असतं पालखी पुढं गेल्यावर. चहाचे कप, पत्रावळ्या, केळीच्या सालींचा खच पडलेला असतो. पालखी येईपर्यंत मदतीला सगळेच असतात. गेल्यावर मात्र खराटा कुणाच्या तरी एकट्याच्या हातात उरतो. बहुतेक वेळा तो सफाई कामगाराच्या हातात असतो. त्या सकाळी पाच-सहा मित्र गोळा करा, हातात जुन्या पिशव्या घाला आणि आपल्या गल्लीतलं ओलं-सुकं वेगळं करून टाका. काच दिसली, तर हात न लावता मोठ्यांना सांगा.

तुमच्या गावावरून पालखी जात नसेल, तरी सुट्टीत मामा, मावशी, आत्या येतीलच की! कागद-पेन्सिल घ्या आणि यादीच्या पहिल्याच कामापुढे तुमचं स्वतःचं नाव लिहा.