भट्टीचे गणित आणि इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष

जालना शहर संकरित बियाण्यांसाठी आणि पोलादाच्या सळयांसाठी ओळखले जाते. येथील कारखान्यांत भंगार लोखंड विजेच्या भट्टीत वितळवून सळया करतात. या भट्टीचे एक गणित आपण करू या. बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या किंवा संगणकाच्या पदवीला गेल्यावर पहिल्या वर्षी काय वेगळे असते, ते त्यावरून कळेल.

समजा, २८ अंश सेल्सिअसचे एक टन लोखंड वितळवायचे आहे. लोखंड १५३८ अंशांना वितळते, म्हणजे तापमान १५१० अंशांनी वाढवायचे. पुस्तकातील कोष्टकात लोखंडाचा विशिष्ट उष्मा किलोमागे दर अंशाला सुमारे ४५० ज्यूल दिलेला असतो. गुणाकार करा, वितळण्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा (किलोमागे सुमारे २,४७,००० ज्यूल) मिळवा. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. उत्तर येते सुमारे २५७ युनिट. शाळेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील.

पण प्रत्यक्षात एवढ्या विजेत लोखंड वितळणार नाही! कोष्टकातला आकडा साध्या तापमानाचा आहे. लोखंड तापत जाते तसा त्याचा विशिष्ट उष्मा वाढतो. ७७० अंशांच्या आसपास, जिथे लोखंडाचे चुंबकत्व जाते, तिथे तर तो एकदम उंचावतो. मग काय करायचे? १५१० अंशांचे लहान लहान टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याला त्याचा स्वतःचा आकडा घ्यायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. असे केल्यावर उत्तर सुमारे ३६० युनिट येते.

टप्पे जितके लहान, तितके उत्तर अचूक. शंभर टप्पे हाताने करणे कंटाळवाणे. म्हणून ते काम संगणकाला सांगायचे. पदवीच्या पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकवतात ते यासाठी. गणितात जे समाकलन शिकवतात, तेही अशीच टप्प्यांची बेरीज असते.

तरीही गणित संपत नाही. भट्टीच्या भिंतींतून, उघड्या तोंडातून आणि तांब्याच्या वेटोळ्यांत खेळवलेल्या थंड पाण्यातून उष्णता निसटते. कारखान्याचे बिल ३६० युनिटांच्या बरेच वर जाते. ही गळती शोधून कमी करणे, हे इंजिनिअरचे काम.

अंबड-भोकरदनकडच्या मुलामुलींना वाटते, ‘आमच्या घरी संगणक नाही, इंग्रजी कच्चे आहे, आमचा निभाव कसा लागणार?’ इंग्रजी संज्ञांची सवय करावी लागते, हे खरे. पण प्रोग्रॅम लिहिणे पहिल्या धड्यापासून शिकवतात. तिथे अडखळतो तो बहुधा तयार उत्तर पाठ करणारा. ‘हे उत्तर कुठे चुकू शकते?’ असे विचारण्याची सवय मात्र घरूनच न्यावी लागते. आणि ही संधी आता दूर नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे संकुल २०१८ मध्ये जालन्यातच सुरू झाले. तिथे बारावीनंतर रासायनिक अभियांत्रिकी शिकता येते.

तोवर शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करा. १५०० वॉटच्या विजेच्या किटलीत २८ अंशांचे एक लिटर पाणी घ्या. हिशेबाने ते सुमारे २०० सेकंदांत उकळायला हवे. घड्याळ लावून पाहा. जास्त वेळ लागला, तर ती उष्णता कुठे गेली? जागा शोधा आणि वहीत मांडा. पहिल्या वर्षाचा पहिला धडा तुम्ही शाळेतच गिरवलेला असेल!