गुरू कशासाठी करायचा? औंढ्याच्या वाटेवरचे नामदेव

मंडळी, कालच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी चिठ्ठी दिली. नाव लिहिलेलं नाही, तेच बरं केलं. लिहितात, ‘सासरच्यांनी गुरू केले आहेत. मुलीला बारावीनंतर शिकवायचं की नाही, हेसुद्धा तेच सांगणार. मी नाही म्हटलं तर गुरुद्रोह होतो का?’

आजचा विषय ‘गुरूचं स्थान’ असाच ठरलेला होता. मग या चिठ्ठीपासूनच सुरुवात करू.

त्यासाठी लांब जायला नको. पूर्ण्याहून वसमतच्या बाजूनं गेलं की औंढा नागनाथ. नामदेवांच्या घराण्याचं मूळ गाव नरसी त्याच भागात. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर ही दोन्ही गावं आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. आणि गुरू म्हणजे काय, हे सांगणारी मराठीतली सगळ्यात धीट गोष्ट याच औंढ्यातली आहे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तेरला संत जमले होते. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं. आता बघा, ज्या नामदेवांच्या हातचा नैवेद्य विठ्ठल खातो, ज्यांच्याशी बोलतो, ते कच्चे! देव भेटलाय, तरी गुरू पाहिजे. का? तर ‘देव माझा आहे’ हा ताठा जायचा होता. देवाजवळ राहूनही तो जात नाही, उलट कधीकधी वाढतो.

देवानंच त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडं पाठवलं. जाऊन पाहतात तर विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेव चिडले, पाय काढा म्हणाले. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा झालो, जिथं पिंड नसेल तिथं तूच ठेव. नामदेवांनी पाय उचलले. जिकडं ठेवावेत तिकडं पिंड.

इथं जरा थांबू. आपण या चमत्कारातच अडकतो आणि विसोबांनी काय केलं ते निसटतं. त्यांनी हुकूम सोडला नाही. ‘मी सांगतो म्हणून मान’ असंही म्हटलं नाही. एक अवघड प्रश्न दिला आणि हात नामदेवांचे लावायला लावले. जे कळलं ते नामदेवांना स्वतःला कळलं.

दुसरी गोष्ट मला जास्त मोठी वाटते. विसोबा शिवाचे उपासक, नाथपंथाच्या जवळचे. पण ‘आता विठ्ठल सोड, माझ्याकडं ये’ असं ते म्हणाले नाहीत. औंढ्याला येऊनही नामदेव पंढरीचेच राहिले, कीर्तनच करत राहिले. शिष्याचं दैवत, धंदा, घरदार यातलं काहीच गुरूनं ताब्यात घेतलं नाही.

गीतेच्या चौथ्या अध्यायात गुरूकडं जायची रीत सांगितली आहे. नमस्कार, सेवा आणि परिप्रश्न, म्हणजे पुन्हापुन्हा विचारणं. पहिल्या दोन आपल्याला पाठ आहेत. तिसरी कुणी शिकवत नाही, कारण विचारणारा शिष्य जड जातो! तेव्हा ताई, विचारणं हा गुरुद्रोह नाही. ते शिष्याचं कामच आहे. आणि मुलीनं शिकावं का, हा मोक्षाचा प्रश्न नव्हे. तो तिचा आणि तुमचा. तिला पुढं शिकवा.

आता नामदेव स्वतः गुरू झाल्यावर कसे वागले? गंगाखेडची जनी त्यांच्या घरी दळणकांडण करायची. ती स्वतःला नामयाची दासी म्हणवते, पण अभंग तिचे स्वतःचे, देवाशी भांडणही तिचं स्वतःचं. चोखोबा तर ज्यांना देवळात पाऊल टाकू देत नव्हते असे शिष्य. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, चोखोबा त्यात गेले. तेव्हा नामदेव तिथं गेले, परंपरा सांगते की ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी ओळखून पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली.

आणि स्वतःसाठी जागा मागितली ती त्याच महाद्वाराच्या पायरीत. देवळात जाणाऱ्यांचे पाय लागावेत म्हणून. पुढच्या वारीला गेलात तर पायरीवर वाकताना मागं वळून बघा, चोखोबांची समाधी समोरच आहे.