घरच्या माइनक्राफ्ट सर्व्हरशी मित्रांना का जोडता येत नाही?

सर्व्हर चालू आहे, पण मित्रांना जोडता येत नाही, अशा वेळी तपासणी आतून बाहेर करत जावी. आधी त्याच संगणकावर ‘लोकलहोस्ट’ हा पत्ता टाकून पाहा, मग घरच्या वायफायवरच्या दुसऱ्या संगणकावरून. पहिल्या संगणकावर जमलं पण दुसऱ्यावर अडलं, तर दोष बहुधा फायरवॉलचा.

पुढे राउटर. जावा आवृत्तीसाठी टीसीपी पोर्ट २५५६५, बेडरॉकसाठी यूडीपी पोर्ट १९१३२ सर्व्हरच्या संगणकाकडे वळवा. मित्रांना १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता देऊ नका. तो घरापुरताच असतो.

तरीही जमेना, तर राउटरमधला वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहा. त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांतली असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटून दिलेला असतो. मग कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक आयपी मागून घ्यावा.