विश्लेषण : गर्भात दोष नसतानाही गर्भपात का होतो? योनीमार्गातील जिवाणूंशी त्याचा काय संबंध?

पहिल्या सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसतात आणि पुढच्या तपासणीत ते थांबलेले असतात. कारण विचारले तर डॉक्टरांकडे बऱ्याचदा ठोस उत्तर नसते. घरात मात्र उत्तरे तयार असतात. पपई खाल्ली असेल, जड उचलले असेल, प्रवास नडला असेल. गेल्या काही वर्षांत संशोधकांचे लक्ष एका वेगळ्याच शक्यतेकडे गेले आहे, ती म्हणजे योनीमार्गातील जिवाणूंचा बिघडलेला समतोल.

किती गर्भधारणा अशा संपतात?

‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात आपोआप होतात, म्हणजे मिनिटाला ४४. लक्षात आलेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १५ अशा संपतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या जवळपास निम्म्या घटनांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. तो गर्भ वाढणे मुळात कठीण असते. आईच्या खाण्यापिण्याचा किंवा उठण्याबसण्याचा त्याच्याशी संबंध नसतो. कोडे आहे ते उरलेल्या निम्म्यांचे. गुणसूत्रे बरोबर, तरी गर्भ का टिकला नाही?

योनीमार्गात जिवाणू काय करतात?

जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्येच योनीमार्गातील आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे वर्णन केले होते. आज त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते, त्यावर हे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात. त्यामुळे तिथला सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि रोगकारक जंतूंना पाय रोवता येत नाहीत.

आतड्यात जिवाणूंची विविधता जितकी जास्त तितके चांगले मानले जाते. इथे बहुधा उलट आहे. लॅक्टोबॅसिलसच्या एखाद्याच जातीचे, विशेषतः क्रिस्पॅटसचे, वर्चस्व असणे हितकारक दिसते. अमेरिकेत ३९६ निरोगी महिलांच्या तपासणीतून २०११ मध्ये पाच गट समोर आले. चार गटांत लॅक्टोबॅसिलसच्या एकेका जातीचे राज्य होते आणि पाचव्यात सरमिसळ होती. सुमारे २७ टक्के महिला या सरमिसळीच्या गटात होत्या, आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक महिलांत हे प्रमाण अधिक होते. त्यांना कसलाही त्रास नव्हता. त्यामुळे सरमिसळ दिसली की आजार, असे म्हणता येत नाही.

लंडनच्या संशोधनात काय आढळले?

इम्पिरियल कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की, पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात झालेल्या महिलांत लॅक्टोबॅसिलस कमी होते आणि ते गर्भपाताचे निदान होण्याआधीपासून. पण गर्भपातात रक्तस्राव होतो आणि रक्तामुळे सामू वाढून जिवाणू बदलू शकतात. मग आधी काय, जिवाणूंचा बिघाड की गर्भपात?

याच संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासाची मांडणी म्हणूनच महत्त्वाची ठरते. त्यात गर्भपात झालेल्या महिलांचे दोन गट केले गेले : गुणसूत्रे बिघडलेले गर्भ आणि गुणसूत्रे बरोबर असलेले गर्भ. जिवाणूंचा बदल केवळ गर्भपाताचा परिणाम असता, तर दोन्ही गटांत तो सारखाच दिसायला हवा होता. तसे झाले नाही. गुणसूत्रे बरोबर असूनही गर्भपात झालेल्यांत लॅक्टोबॅसिलसची कमतरता लक्षणीयरीत्या अधिक होती आणि तिथे दाह वाढवणारी रसायनेही जास्त होती. जिवाणू बिघडले, त्याने प्रतिकारशक्ती चाळवली आणि गर्भाला पोषक वातावरण राहिले नाही, अशी साखळी यातून सुचते. सिद्ध होत नाही, कारण पाहणीतल्या महिलांची संख्या शेकड्यांतच होती आणि दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

मग प्रतिजैविके घेऊन भागेल का?

इतके सोपे असते तर फ्रान्समधल्या ‘प्रीमेव्हा’ चाचणीतच दिसले असते. तिथे ८४ हजारांहून अधिक गर्भवतींची तपासणी झाली. ज्यांच्यात जिवाणूंचा समतोल बिघडल्याचे, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिसचे निदान झाले, त्यांपैकी कमी जोखमीच्या सुमारे २,९०० जणींना क्लिंडामायसिन किंवा औषध नसलेली गोळी दिली गेली. उशिरा होणारे गर्भपात आणि फार लवकर होणाऱ्या प्रसूती मिळून प्रमाण औषध घेणाऱ्यांत १.२ टक्के, तर न घेणाऱ्यांत १ टक्का राहिले. म्हणजे फायदा नाही. अर्थात ही चाचणी पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांबद्दल नव्हती.

प्रतिजैविक नको असलेले जंतू मारते, पण रिकाम्या जागी क्रिस्पॅटसची वस्ती करून देत नाही. तशी वस्ती बाहेरून करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. अमेरिकेत २२८ महिलांवरील चाचणीत उपचारानंतर क्रिस्पॅटसची पूड योनीमार्गात दिल्यावर १२ आठवड्यांत आजार उलटण्याचे प्रमाण ४५ ऐवजी ३० टक्के झाले. डेन्मार्कमध्ये वारंवार गर्भ गमावलेल्या एका महिलेला दुसऱ्या निरोगी महिलेच्या योनीमार्गातील जिवाणू दिले गेले, त्यानंतर तिला सुखरूप बाळ झाले. पण ही एकाच महिलेची गोष्ट आहे.

तोवर काय करावे?

अंगावरून पांढरे जाणे नेहमीचेच असते. त्याला मासळीसारखा वास किंवा राखाडी रंग आला, तर मात्र तपासून घ्यावे. गर्भारपणातही यावर उपचार होतात, पण मनाने गोळ्या घेऊ नयेत. सुगंधी वॉशने आतून धुणे टाळावे, त्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही निघून जातात. दह्यातले जिवाणू वेगळ्या जातींचे असतात. दही खावे, लावू नये.

वारंवार गर्भपात होत असतील, तर थायरॉइड, रक्त गोठण्याशी संबंधित अँटिबॉडी, गर्भाशयाची रचना आणि शक्य असल्यास पडलेल्या गर्भाची गुणसूत्रे या तपासण्या आधी येतात. योनीमार्गातील जिवाणूंची महागडी चाचणी त्या नेहमीच्या यादीत अजून नाही. अहवाल हाती आला, तरी त्यावरून कोणता उपचार करायचा हे ठरलेले नाही.

आणि तपासणीच्या खोलीबाहेर थांबलेल्या नवऱ्याचे काय? ऑस्ट्रेलियात १६४ जोडप्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. फक्त महिलेवर उपचार केल्यास व्हजायनोसिस १२ आठवड्यांत उलटण्याचे प्रमाण ६३ टक्के होते. जोडीदारालाही सात दिवस गोळ्या आणि मलम दिले, तेव्हा ते ३५ टक्क्यांवर आले.