एका दाताचे किती?

अमेरिकेतल्या पहिलीच्या वर्गात दात पडणे ही जाहीर गोष्ट असते. समोरची फट लपवता येत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या मित्रमैत्रिणी विचारतात, दातपरीने किती ठेवले? कुणाला एक डॉलर मिळालेला असतो, कुणाला पाच, एखाद्याला थेट वीसची नोट. ही मुले सहा वर्षांची असतात. रात्री उशीखालचा दात नेऊन तिथे पैसे ठेवणारी ही टूथ फेअरी सगळ्या जगाला मिळून एकच आहे, यावर त्यांचा पूर्ण विश्वास असतो. मग तिने एकाच्या दाताला वीस आणि दुसऱ्याच्या दाताला एक का दिला असेल?

‘किती ठेवावेत?’ हा प्रश्न आईबाप सहसा आपल्या खिशाकडे बघून सोडवतात. तो वर्गातल्या त्या बाकाकडे बघून सोडवला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. वाढदिवसाची भेट आईबाबांनी दिलेली असते आणि सगळ्यांचे आईबाबा सारखे नसतात, एवढे सहा वर्षांच्या मुलालाही कळते. परी मात्र सगळ्यांची. तिने कमी दिले, तर आपल्या घरात पैसे कमी आहेत असे मुलाच्या मनात येत नाही. आपल्या दातातच काही खोट असेल, असे येते.

आधी आकडे पाहू. डेल्टा डेंटल ही दातांचा विमा विकणारी अमेरिकन संस्था १९९८ पासून पालकांची पाहणी करते आहे. त्या वर्षी एका दाताचा सरासरी भाव १ डॉलर ३० सेंट होता. २०२३ मध्ये तो ६ डॉलर २३ सेंटांवर गेला, आजवरचा उच्चांक. पुढे तो उतरला: २०२४ मध्ये ५ डॉलर ८४ सेंट, २०२५ मध्ये ५ डॉलर १ सेंट. १९९८ चे १ डॉलर ३० सेंट केवळ महागाईच्या वेगाने वाढले असते, तर २०२३ मध्ये अडीच डॉलरच्या आतच राहिले असते. दुधाचे दात २०. उच्चांकी भावाने एका मुलामागे जवळजवळ सव्वाशे डॉलर होतात.

पूर्वी असे नव्हते. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतवैद्यक शाळेत शिकवणाऱ्या रोझमेरी वेल्स यांनी दातपरीच्या अभ्यासाला आयुष्यातली बरीच वर्षे दिली आणि इलिनॉयमधल्या डिअरफील्डला राहत्या घरातच तिचे संग्रहालय उभे केले. १९०० ते १९८० या काळातले दाताचे भाव त्यांनी महागाईच्या निर्देशांकाशी ताडून पाहिले, तर दोन्ही साधारण बरोबरीने चाललेले दिसले. परीची ही उधळपट्टी अलीकडची आहे.

ती का वाढली? एक कारण मला अगदी साधे दिसते. अमेरिकेत रोजच्या वापरातले सर्वांत मोठे नाणे पाव डॉलरचे. एक डॉलरची नाणी निघतात, पण ती गल्ल्यात किंवा पाकिटात क्वचितच दिसतात. रात्री दहा वाजता दात पडल्याचे लक्षात येते, एटीएममधून काढलेल्या वीसच्या नोटाच तेवढ्या जवळ असतात, आणि त्यातलीच एक उशीखाली जाते. ब्रिटनमध्ये एक पौंडाचे जाड, घसघशीत नाणे प्रत्येकाकडे असते, त्यामुळे तिथल्या परीचा हात आपोआप थांबतो.

दुसरे कारण म्हणजे या पाहण्याच. सरासरी छापून आली की ती घराघरांत किमान दर होऊन बसते. दहा घरे घ्या. नऊ घरांत दोन-दोन डॉलर ठेवले आणि दहाव्यात तीस. सरासरी निघते ४ डॉलर ८० सेंट. दहांपैकी एकाही घराने एवढे दिलेले नाही, तरी दोन डॉलर देणारी आई बातमी वाचते आणि आपण कमी पडलो म्हणून खंतावते. व्हिसा या कार्ड कंपनीनेही काही वर्षे अशा पाहण्या केल्या. २०१३ चा तिचा आकडा ३ डॉलर ७० सेंट होता. तिने पालकांसाठी एक गणकही काढला होता. उत्पन्न, शिक्षण, राज्य भरले की तुमच्यासारखी माणसे दाताला किती देतात ते तो सांगे. मला सगळ्यात जास्त खुपतो तो हा गणक. परीने कुणाच्या घरचे उत्पन्न का विचारावे?

मुळात ही परी पैशांसाठी आलेलीच नव्हती. तिचा छापील उल्लेख १९०८ च्या सप्टेंबरात ‘शिकागो डेली ट्रिब्यून’च्या घरगुती सल्ल्याच्या सदरात सापडतो. हलणारा दात काढू न देणारे मूल परीच्या आशेने तयार होते, तेव्हा आयांनी पाच सेंटांच्या काउंटरवरून चार चिजा आणून ठेवाव्यात, असा तो सल्ला. पाच सेंट म्हणजे आजचे पावणेदोन डॉलरच्या आसपास, आणि तेही रोख द्यायचे नव्हते. भीती घालवायला एखादी छोटी वस्तू पुरे होती.

त्याच्याही आधी, १८९४ च्या सुमाराला, माद्रिदच्या राजवाड्यात आठ वर्षांच्या राजाचा दात पडला होता. हा तेरावा आल्फोन्सो. त्याच्यासाठी लुईस कोलोमा या जेझुइट लेखकाला गोष्ट लिहायला सांगितली गेली आणि त्यातून रातोन्सितो पेरेझ, म्हणजे पेरेझ उंदीरमामा, जन्माला आला. स्पेनमध्ये आणि स्पॅनिश बोलणाऱ्या कितीतरी देशांत आजही उशीखालचा दात न्यायला परी येत नाही, हा उंदीर येतो. गोष्टीत तो छोट्या राजाला सोबत घेऊन रात्रीच्या फेरीवर निघतो. हिलितो नावाच्या एका गरीब मुलाचाही दात पडलेला असतो. तो माळ्यावरच्या खोलीत राहतो, आणि तिथले दारिद्र्य राजा पहिल्यांदाच बघतो. परत आल्यावर तो आईला विचारतो, ही मुले गरीब का? ती सगळी तुझी भावंडे आहेत, असे उत्तर त्याला मिळते. दात पडल्याचे निमित्त करून कोलोमाने राजाला नेमकी ही गोष्ट सांगितली, याचा मला फार आदर वाटतो. राजाच्या उशीशी येणारा उंदीर त्याच रात्री माळ्यावरही जातो, हा त्या कथेचा कणा आहे.

उंदीर आपल्यालाही अनोळखी नाही. महाराष्ट्रात पडलेला दात कौलावर फेकायची किंवा उंदराच्या बिळात टाकायची रीत होती: माझा घे, तुझा दे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याच्याकडे मागणे. दाताच्या बदल्यात दात, पैशांचा संबंधच नाही, त्यामुळे तुलनेलाही जागा नाही. न्यू जर्सीत वाढणाऱ्या मराठी मुलाला आजी ही गोष्ट सांगेल आणि तिने ती जरूर सांगावी. पण त्याच्या वर्गात परी आहे, तेव्हा घरात परीचाही विचार करावाच लागतो.

समाजशास्त्रज्ञ विव्हियाना झेलायझर यांनी १९९४ च्या ‘द सोशल मीनिंग ऑफ मनी’ या पुस्तकात दाखवले आहे की लोक सगळे पैसे एकाच मापाने मोजत नाहीत. काही पैसे ते खूण करून वेगळे ठेवतात. दातपरीचे पैसे तसेच आहेत. सिंडी डेल क्लार्क यांनी मुलांशी आणि आयांशी बोलून परीचा अभ्यास केला, तेव्हा हा विधी त्यांना मोठे होण्याच्या वाटेवरचा टप्पा दिसला. आपण मोठे झालो याची खूण म्हणून मुलाला पैसे मिळतात. त्या खुणेला रक्कम मोठी लागत नाही, ती वेगळी दिसली की झाले.

म्हणून माझे उत्तर ठाम आहे: अमेरिकेत एक डॉलर, आणि तो नाण्यात. पहिल्या दाताला एक, विसाव्यालाही एकच. पहिल्याचे विशेष कौतुक वाटत असेल तर परीने सोबत बारीक अक्षरात चार ओळी लिहाव्यात. स्वच्छ दाताला जास्त आणि किडलेल्याला कमी, असा हिशेब कृपा करून करू नये. उपचार न झालेली कीड गरीब घरांतल्या मुलांमध्ये जास्त आढळते, आणि दंतवैद्याकडे नेणे मुलाच्या हातात नसते. आजोबांना वीस डॉलर द्यावेसे वाटले तर जरूर द्यावेत, पण स्वतःच्या नावाने, नातवाला मांडीवर घेऊन. ते वीस डॉलर वर्गात सांगितले तरी कुणाचा दात हलका ठरत नाही.

ज्यांनी पहिल्याच दाताला वीसची नोट ठेवली आहे, त्यांनी दुसऱ्या दातापासून खाली यावे. परीकडे नवी नाणी आली आहेत, एवढे कारण मुलाला पुरते. नाण्यांसाठी बँकेत आधी सांगून ठेवावे. एक डॉलरच्या नाण्यांची गुंडाळी २५ ची असते: थोरल्याचे वीस दात त्यात भागतात आणि धाकटीसाठी पाच शिल्लक राहतात.