घरचा संगणक आणि दुरुस्तीची हत्यारपेटी

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ मध्ये सुरू केलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे राज्यातील लक्षावधी तरुणांची संगणकाशी ओळख झाली. सातबाऱ्याचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंदणी ही कामे आज संगणकावरून होतात. अशा वेळी खेड्यातील घरचा संगणक बंद पडला, तर तो बांधून तालुक्याच्या गावी न्यावा लागतो. त्यात जाण्यायेण्याचा खर्च होतो, कामाचा दिवस बुडतो आणि कित्येकदा अर्जाची मुदतही टळते.

वस्तुतः अनेक बिघाड किरकोळ असतात. पंख्यात साचलेली धूळ, सैल झालेली जोडणी किंवा संपलेला छोटा सेल एवढेच त्यांचे कारण असते. ते घरच्या घरी दूर करण्यास मोजकी हत्यारे पुरतात. मात्र ती विचारपूर्वक निवडली पाहिजेत. बाजारात मिळणाऱ्या शंभर नगांच्या संचातील बहुतेक टोके कधीच वापरली जात नाहीत.

पेचकस कोणता घ्यावा?

संगणकाचे बहुतेक स्क्रू चौफुली खाचेचे असतात. हेन्री फिलिप्स या अमेरिकन गृहस्थांना १९३६ मध्ये मिळालेल्या पेटंटांवरून ही खाच ‘फिलिप्स’ नावाने ओळखली जाते. टेबलावरील संगणकाच्या पेटीसाठी २ क्रमांकाचा आणि लॅपटॉपसाठी ० व १ क्रमांकाचा पेचकस घ्यावा. लहान टोक मोठ्या खाचेत फिरवल्यास खाच झिजते आणि स्क्रू कायमचा अडकून बसतो. म्हणून संख्येपेक्षा पोलादाचा कठीणपणा पाहावा. टोक किंचित चुंबकीय असल्यास आत पडलेला स्क्रू उचलता येतो. असा स्क्रू आतच राहिला, तर त्यामुळे शॉर्टसर्किट होऊन मुख्य पट्ट निकामी होऊ शकतो. याकरिता एक बारीक चिमटा आणि काढलेले स्क्रू ठेवण्यासाठी झाकणाची डबीही जवळ असावी.

धूळ, ओल आणि स्थिर विद्युत

उन्हाळ्यात विदर्भातील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पंख्यात धूळ साचली, की उष्णता बाहेर पडत नाही आणि संगणक आपोआप बंद पडतो. यावर मऊ केसांचा ब्रश आणि हाताने दाबावयाचा रबरी फुगा हा स्वस्त उपाय आहे. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवू नये. त्याच्या दमट हवेने आतील धूळ चिकटून बसते.

कोरड्या ऋतूत अंगावर स्थिर विद्युत साचते. सुमारे ३,००० व्होल्टपेक्षा कमी दाबाची ठिणगी माणसाला सहसा जाणवतही नाही. परंतु काही सूक्ष्म घटकांना १०० व्होल्टही घातक ठरू शकतात. त्यासाठी मनगटाला बांधावयाचा स्थिरविद्युतरोधक पट्टा घ्यावा. संगणकाचा प्लग काढून पट्ट्याचा चिमटा पेटीच्या रंग न दिलेल्या धातूला लावावा. पट्टा नसल्यास काम करताना त्या धातूला वारंवार हात लावावा.

मल्टिमीटर : निदानाचे साधन

पेटीतील सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे साधा अंकीय मल्टिमीटर. त्याची उपयुक्तता एका उदाहरणावरून ध्यानात येईल. संगणक रोज सकाळी जुनीच तारीख दाखवतो आणि इंटरनेट चालू असूनही अर्जाचे संकेतस्थळ उघडत नाही. घड्याळ चुकल्यामुळे संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र वैध ठरत नाही, हे त्याचे कारण. मुख्य पट्टावरील नाण्याएवढा सेल, म्हणजे सीआर २०३२, हा ३ व्होल्टचा असतो. मीटरवर दाब त्याहून बराच कमी आढळला, तर सेल बदलून घड्याळ लावताच काम सुरू होते. संगणक नेण्याआणण्याचा सारा खटाटोप वाचतो.

वीजपुरवठाही याच मीटरने तपासता येतो. रंगीत तारांच्या पुरवठापेटीत काळ्या तारेच्या तुलनेत पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असावेत. मोजताना मीटरची टोके एकमेकांना किंवा दोन तारांना एकदम लागू देऊ नयेत. भिंतीवरील सॉकेटची व अर्थिंगची तपासणी मात्र परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी.

कोठे थांबावे?

कोणते काम आपले नव्हे, हे जाणणेही हत्यारांइतकेच महत्त्वाचे आहे. वीजपुरवठ्याची बंद पेटी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये काही काळ ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये. ती पेट घेऊ शकते. ही कामे जाणकारांवर सोपवावीत.

याखेरीज पेटीत एक बाह्य डिस्क अवश्य असावी. बिघडलेला भाग विकत मिळतो. परंतु नष्ट झालेली कागदपत्रे आणि छायाचित्रे बाजारात मिळत नाहीत. म्हणून संगणक सुरू असतानाच त्यांची प्रत काढून ठेवावी. दोन-तीन पेचकस, चिमटा, ब्रश, फुगा, मनगटपट्टा, मल्टिमीटर, एक जादा सेल आणि ही डिस्क एवढे साहित्य एका लहान डब्यात मावते. गावातील एखाद्या तरुणाने ते जमवून त्याचा नीट वापर शिकून घेतला, तर शेजारच्या चार घरांचीही सोय होईल आणि एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज वेळेवर पोहोचेल.