आधी पूर्ण बघा, मग मनसोक्त भांडा

सिनेमा संपला, पडद्यावर नावं सरकायला लागली, की तुम्ही सगळ्यात आधी काय करता? मोबाइल काढता ना? ‘आत्ताच बघितला, कुणी कुणी बघितलाय?’ असा मेसेज ग्रुपवर जातो आणि पाच मिनिटांत रणधुमाळी सुरू होते. मामा म्हणतो, पहिला अर्धा भाग फारच ताणलाय. ताई म्हणते, हिरोइनला कामच दिलेलं नाही. आणि ज्या काकांनी अजून तिकीटही काढलेलं नाही, त्यांचं मत सगळ्यात लांब आणि सगळ्यात ठाम असतं!

हसू आलं ना? असे एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. खरं सांगायचं तर कधी ना कधी आपणही ते काका झालेलो असतो. कुणीतरी पाठवलेली क्लिप बघायची, मथळा वाचायचा आणि मत ठोकून द्यायचं. घरच्या ग्रुपवर ही गंमत असते, पण हीच सवय रस्त्यावर उतरली की काय होतं, हे जयपूरने फार जवळून पाहिलं आहे. सिनेमावर जीव टाकणं म्हणजे काय, हेही याच शहराला नीट माहीत आहे.

राजमंदिरातला अंधार

जयपूरला फिरायला गेलात तर हवामहल, आमेरचा किल्ला आणि जंतरमंतर यांच्या यादीत एक सिनेमागृहही असतं, ते म्हणजे राजमंदिर. पाच बत्ती चौकाजवळच्या भगवानदास रोडवरची ही इमारत बाहेरून लाटांसारखी वळणं घेते. आत शिरलं की झुंबरं, गोलाकार जिना आणि राजवाड्यासारखा दिवाणखाना. १९६६ मध्ये तिची पायाभरणी झाली आणि १ जून १९७६ रोजी दारं उघडली. पहिला सिनेमा होता धर्मेंद्र आणि हेमा मालिनी यांचा ‘चरस’.

मराठी वाचकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. या राजमंदिराचे वास्तुरचनाकार होते डब्ल्यू. एम. नामजोशी. मुंबईतलं मराठा मंदिरही त्यांच्याच नावावर आहे. हो, तेच मराठा मंदिर, जिथे १९९५ साली लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ एक हजाराहून जास्त आठवडे चालला. म्हणजे जयपूर आणि मुंबई या दोन्ही शहरांतल्या सिनेवेड्यांच्या आठवणी एकाच माणसाने आखलेल्या भिंतींमध्ये घडल्या.

राजमंदिरात पर्ल, रुबी, एमराल्ड आणि डायमंड अशा रत्नांच्या नावांचे वर्ग आहेत. तिकिटाचा दर वेगळा, खुर्ची वेगळी. पण दिवे गेले की सगळे वर्ग एकच सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतात, एकाच वेळी शिट्ट्या मारतात आणि एकाच वेळी डोळे पुसतात. बाहेर आल्यावर कुल्हडातली लस्सी पिताना वाद झाला, तरी समोरच्याने तोच सिनेमा पाहिलेला असतो. वाद घालायला दोघांकडे सारखंच भांडवल असतं. मोबाइलवरच्या चर्चेत नेमकं हेच हरवलं आहे.

गप्पांनी परत आणलेला सिनेमा

चाहत्यांच्या गप्पांमध्ये किती ताकद असते, ते ‘तुंबाड’ने दाखवून दिलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो पहिल्यांदा प्रदर्शित झाला, तेव्हा समीक्षकांनी कौतुक केलं, पण थिएटरमधली गर्दी बेताचीच होती. काही आठवड्यांत तो उतरला. मग ज्यांनी मोबाइलवर किंवा टीव्हीवर तो पाहिला, ते बोलू लागले. हस्तरचा अर्थ काय, पावसाला एवढं महत्त्व का, शेवटी मुलाने काय निवडलं, अशा प्रश्नांवर लोक रात्र रात्र लिहीत राहिले. ‘हा मोठ्या पडद्यावर बघायला हवा होता’ हे वाक्य जो तो म्हणू लागला.

१३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरमध्ये लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला! कलाकार तेच, सिनेमाही तोच. मधल्या सहा वर्षांत भर पडली होती ती फक्त लोकांच्या बोलण्याची.

या सिनेमाचं नातंही आपल्या दोन राज्यांशी आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे मराठी. शीर्षकाची प्रेरणा श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची. आणि निर्माता व मुख्य अभिनेता सोहम शाह राजस्थानातल्या श्रीगंगानगरचा.

‘अंदाज अपना अपना’चंही असंच झालं. १९९४ साली तो फारसा चालला नव्हता. आज त्यातले संवाद पाठ नसतील तर मित्र चेष्टा करतात, आणि २०२५ मध्ये तो पुन्हा थिएटरमध्ये लागला. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’वर आजची शाळकरी मुलं मीम बनवतात, तेव्हा त्यांच्या आईवडिलांनाही हसू आवरत नाही. पुन्हा पुन्हा, पूर्ण बघितलेल्या सिनेमावरच अशा गप्पा रंगतात.

न बघता पेटलेलं भांडण

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. २७ जानेवारी २०१७ रोजी जयपूरच्या जयगड किल्ल्यावर संजय लीला भन्साळी यांच्या सिनेमाचं शूटिंग सुरू होतं. करणी सेनेच्या लोकांनी सेटवर तोडफोड केली आणि दिग्दर्शकाला मारहाण केली. राणी पद्मिनी आणि अलाउद्दीन खिलजी यांचं स्वप्नात प्रेम दाखवणारं दृश्य सिनेमात आहे, असा त्यांचा आरोप होता. असं दृश्य नाही, हे भन्साळी वारंवार सांगत राहिले. सिनेमा तर अजून तयारही झालेला नव्हता. म्हणजे तो कुणी पाहिलेला असणं शक्यच नव्हतं.

तरीही पुढचं वर्षभर वाद वाढतच गेला. कलाकारांना धमक्या आल्या. ‘पद्मावती’चं नाव ‘पद्मावत’ झालं. राजस्थानसह काही राज्यांनी सिनेमावर बंदी घातली आणि १८ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गुरुग्रामजवळ विद्यार्थी बसलेल्या शाळेच्या बसवर दगडफेक झाली. सीटखाली लपलेल्या मुलांचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. त्या मुलांचा या सिनेमाशी काय संबंध होता?

२५ जानेवारीला सिनेमा देशात लागला, पण न्यायालयाने परवानगी देऊनही राजस्थानातल्या थिएटरवाल्यांनी भीतीपोटी तो दाखवला नाही. ज्यांच्या राणीची कथा होती, त्यांनाच ती पडद्यावर बघून मत ठरवता आलं नाही. फेब्रुवारीत करणी सेनेच्याच एका गटाने सिनेमा पाहिल्याचं आणि त्यात राजपुतांचा गौरवच असल्याचं सांगून विरोध मागे घेत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या गटाने ते मान्य केलं नाही, हा भाग वेगळा. पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

‘पद्मावत’वर टीका करण्यासारखं काहीच नव्हतं असं नाही. शेवटचा जौहराचा प्रसंग पाहून अनेक स्त्रियांनी विचारलं, की सामूहिक मृत्यू इतका देखणा का दाखवावा? हा प्रश्न मोलाचा होता आणि तो सिनेमा पाहणाऱ्यांकडून आला होता. पण आरडाओरड्यात तो ऐकू आला किती जणांना?

अर्ध्या मिनिटाचा विनोद

सिनेमाचं एक बरं असतं. दोन-अडीच तास काढले की तो पूर्ण बघून होतो. कॉमेडी पॉडकास्टचं तसं नाही. दोन-तीन मित्र माइकसमोर बसतात, तासभर एकमेकांची टर उडवतात आणि त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून रील बनते. चाळीस मिनिटांपूर्वी सुरू झालेल्या थट्टेचा तो शेवट असतो. मागचं काहीच माहीत नसलं, की विनोद एकतर कळत नाही किंवा भलताच कळतो.

मराठी घरांना कानाने ऐकायचा विनोद नवा नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ आणि ‘अंतू बर्वा’च्या कॅसेट कित्येक घरांत झिजेपर्यंत वाजल्या. अंतू बर्वाचं एखादं तिरकस वाक्य सुटं काढून ऐकलं तर हा म्हातारा फक्त खवट वाटेल. पूर्ण ऐकलं की त्या खवटपणामागचं एकटेपण कळतं आणि हसता हसता घसा दाटून येतो. आपल्या आजी-आजोबांना ते कळलं, कारण त्यांनी कॅसेट शेवटपर्यंत ऐकली होती.

‘भाडिपा’वर अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांचं ‘कास्टिंग काउच’ गाजलं, तेव्हा त्यातली गंमतच ही होती, की मोठ्या कलाकारांसमोर हे दोघे मुद्दाम बावळट वागायचे. हे ठाऊक नसलेल्या माणसाने एखादा तुकडा पाहिला तर त्याला वाटेल, ‘पाहुण्यांचा अपमान करतात हे लोक!’

मग पूर्ण ऐकलं की सगळंच माफ करायचं का? मुळीच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये समय रैनाच्या ‘इंडियाज गॉट लेटंट’ या कार्यक्रमात पॉडकास्टर रणवीर अल्लाहबादियाने आईवडिलांवरून एक अश्लील प्रश्न विचारला. तो प्रश्न आगेमागे काहीही जोडलं तरी किळसवाणाच होता. त्याने माफी मागितली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला खडसावलं आणि अटकेपासून संरक्षणही दिलं. समयने कार्यक्रमाचे सगळे भाग काढून टाकले. पण त्या दिवसांत प्रश्न न विचारणाऱ्या, नुसत्या शेजारी बसलेल्यांनाही लोकांनी तितक्याच शिव्या घातल्या. कोण काय बोललं आणि कोण काय बोललं नाही, एवढं तरी पूर्ण बघितल्याशिवाय कसं कळणार?

गप्पा रंगतील, नाती टिकतील

चाहता असणं म्हणजे भांडणं आलीच. पण ही भांडणं गोड राहावीत म्हणून काही गोष्टी सांभाळा.

‘मी पाहिलेलं नाही’ म्हणायला लाजू नका. हे कमीपणाचं वाक्य नाही. उलट ते बोललात की समोरचा तुम्हाला उत्साहाने सगळं सांगेल.

शेवट फोडू नका. पहिल्या आठवड्यात मेसेजच्या सुरुवातीला ‘शेवट सांगतोय, न पाहिलेल्यांनी वाचू नका’ एवढं लिहा. कुणाच्या तिकिटाचे पैसे आणि कुतूहल दोन्ही वाचेल.

कामाला नावं ठेवा, माणसाला नको. ‘तिचा अभिनय पटला नाही’ ही टीका झाली. तिच्या रंगावर, वजनावर, जातीवर किंवा घरच्यांवर बोलणं ही टीका नाही.

आवडलं नाही तर नेमकं काय ते सांगा. ‘बकवास’ म्हटलं की गप्पा तिथेच संपतात. ‘मध्यंतरानंतर मुलीची गोष्ट अर्धवट सोडली’ म्हटलं की त्या सुरू होतात.

क्लिप पुढे पाठवण्याआधी मूळ भाग शोधा. राग आणणारी क्लिप असेल तर नक्कीच शोधा. पूर्ण भाग ऐकायला वेळ नसेल तर ती पाठवायलाही वेळ नाही असं समजा.

मुलं सोबत असतील तर आधी खात्री करा. सिनेमांना आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ अशी वयानुसार प्रमाणपत्रं मिळतात. पॉडकास्टला असं सरकारी प्रमाणपत्र नसतं. काही ॲपवर प्रौढ भाषेसाठी ‘ई’ अशी खूण दिसते, पण ती लावणं बनवणाऱ्यावर असतं. म्हणून आधी स्वतः ऐका. चौदा वर्षांचा मुलगा इअरफोन लावून काय ऐकतो हे चोरून बघण्यापेक्षा त्याला म्हणा, “तुला हसू आलं तो भाग मलाही ऐकव.” तुम्हाला हसू आलं नाही तर का आलं नाही, ते सांगा. उपदेशापेक्षा या गप्पा त्याच्या जास्त लक्षात राहतील.

आणि त्या काकांचं काय करायचं? त्यांना ग्रुपमधून काढू नका. येत्या रविवारी त्यांच्यासाठीही एक तिकीट काढा. मध्यंतरात सामोसा खाऊ घाला, शेवटची नावं सरकेपर्यंत उठू देऊ नका. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर त्यांना विचारा, “काका, आता सांगा, कसा वाटला?”

कदाचित ते आपलंच म्हणणं रेटतील. रेटू देत. या वेळी तुम्ही दोघांनीही सिनेमा पाहिलेला असेल, त्यामुळे भांडायला खरी मजा येईल.